पाणी न्हाई, पेशंट हाय!

...आन् वरून म्हणायचं काय, तर ‘बसवंत, तात्पुरतं आहे!’ तात्पुरतं? तुम्हीच सांगा, दीड वरीस झालं, तात्पुरतं म्हणजे किती दिवस असतंय वो? आमचा साडू चार दिवसांसाठी तात्पुरता म्हणून आला होता, त्याचं पोरगं आता आमच्या गावच्या शाळंत दुसरीला हाय! तसं झालंय सगळं. न्हाई, मी तक्रार करून राहिलो न्हाई. माझा सोभाव तक्रारीचा न्हाईच. तुम्ही यष्टीसाठी बसलाव, मीबी बसलोय, म्हणून नुसतं सांगून राहिलो.

लातूर जिल्हा झालं ना, ब्याऐंशीत, झेंड्याच्या दिवशी, तवा पेढे वाटले. मी सोता चार खाल्ले. म्हणलं आता साहेब इथं, कचेरी इथं, सगळं हाताशी! पण तुम्हाला सांगतो, जिल्हा फुटला की घर फुटल्यावानी होतंय. परात कुणाची, पाटा कुणाचा... जुना जिल्हा म्हणला, माणसं आमची. नवा म्हणला, जागा आमच्या. झालं! माणसं राहिली तिकडं आन् जागा आल्या इकडं. मोकळ्या! आमच्या सरकारी दवाखान्यात भिंतीवर फळा हाय, मंजूर पदं अकरा, भरलेली पदं तीन. तीन म्हणजे कोण? डॉक्टरसाहेब, कमलम्मा नर्सबाई आन् हा तुमचा बसवंत शरणप्पा, अँबुलन्सचा ड्रायव्हर. आमचं गाव कुठलं म्हणता? चाकूरच्या अलीकडं. नाव सांगत न्हाई. न्हाईतर जिथं अकरातली एकच जागा भरलीय तिथं बदली करत्याल.

डॉक्टरसाहेब चांगला माणूस. पण त्यांच्याकडं दवाखाने किती? तीन! एक सोताचा आन् दोन अतिरिक्त कार्यभार. तात्पुरते! फटफटीवर बसून हितून तिथं, तिथून पल्याड. पेशंट हितं आला की साहेब तिथं, पेशंट तिथं गेला की साहेब वाटंत. एका म्हाताऱ्याचा खोकला साहेबांच्या मागं फिरून फिरून सोताच बरा झाला, पटत नसंल तर त्याला इचारा!

आन् मी? मी साधा ड्रायव्हर. पण पेशंट उचलायला माणूस न्हाई, मग बसवंत उचल. झाडायला माणूस न्हाई, बसवंत झाड. साहेब म्हणत्यात, ‘तात्पुरतं आहे रे.’ बरं, उचलतो, झाडतो. आपल्याला काय, हात हायेत. मग आला दुष्काळ. लगोलग दोन वर्सं पावसानं तोंड दाखवलं न्हाई. गावोगाव टँकर सुरू झाले. आमच्या भागाला एक टँकर आला, नवा कोरा, निळा! ड्रायव्हर? ड्रायव्हर जुन्या जिल्ह्यात! मग कचेरीतला मोठा साहेब मला बोलावून म्हणतो कसा, चष्म्याच्या वरून बघून, ‘तुम्ही बसवंत ना? तुम्हाला चार चाकं चालवता येतात ना? मग याला पण चारच्या वर थोडीच आहेत!’ सहा होती वो! मी मोजून दाखवली. तर म्हणतो, ‘तात्पुरतं आहे.’

मग ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार टँकर. मंगळवार, गुरुवार, शनिवार अँबुलन्स. लोकांना मी बजावून सांगितलं, बाबांनो, सोमवारी आजारी पडू नका. आयका की! आन् लोक बी बिचारे... एकाच्या हाताला विंचू चावला तर मला इचारतो, ‘बसवंतअण्णा, आज कोणता वार?’

आता ह्यात घोळ कुठं झाला, तो आयका. अँबुलन्सची घंटी बिघडली. नवी मागितली, अर्ज दिला, अर्ज कुठल्या जिल्ह्यात गेला देवाला ठाऊक. मग गॅरेजवाल्यानं टँकरचा जादाचा भोंगा काढून माझ्या अँबुलन्सच्या जीपला बसवला. पाँऽऽ पाँऽऽ! तात्पुरता! म्हणजे बघा, भोंगा तोच, ड्रायव्हर तोच. डोळे झाकून आयकलं तर रोगी आला का पाणी आलं, कुणाच्या बापाला कळणार न्हाई.

तर त्या दिवशी मंगळवार. बारा वाजलेले, ऊन म्हणजे नुसता जाळ. आमच्या गावची गौरम्मा, एकोणीस-वीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, पहाटंपासनं कळा देऊन राहिलेली. सासू सिद्धम्मा बैलगाडीतनं घेऊन आली. नर्सबाईनं आत नेलं, तपासलं आन् बाहेर आली ती तोंड पांढरं करून. मला बाजूला घेतलं. ‘बसवंतअण्णा, मुलाचं डोकं वर आहे, पाय खाली. पायाळू येतंय. अडकलं तर हितं माझ्याकडं काही न्हाई. लातूरला मोठ्या दवाखान्यात न्या. लगेच.’

मी म्हणलं, ‘चला की, बसा.’

ती म्हणली, ‘मी कशी येऊ?’

आन् खरंच कशी येणार वो? गढूळ पाणी पिऊन पिऊन गावात जुलाबाची साथ. नऊ पेशंट जमिनीवर, नऊ सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना आन् दोरीला बांधलेल्या, त्यातली दोन लेकरं. ती गेली तर त्यांच्या बाटल्या कोण बदलणार? साहेब तिसऱ्या दवाखान्यात. बाई दारात उभी, एक पाय आत, एक बाहेर. दोन वर्सं मी त्या बाईला बघतोय, कधी रडली न्हाई, त्या दिवशी डोळं भरून आलेलं बघितलं. पण रडायला बी टाइम लागतो ना? तो कुठं होता! गौरम्माच्या तोंडावरनं हात फिरवला, तिच्या कानात काय तरी बोलली, सोताचा पदराला खोचलेला धुतलेला रुमाल तिच्या मुठीत दिला. आन् मग माझ्याकडं वळली. उकळलेलं ब्लेड आन् दोरा असलेली पुडी माझ्या हातात दिली आन् म्हणली, ‘वाटंत काही झालं तर एक लक्षात ठेवा. ओढायचं नाही. कुणालाही ओढू द्यायचं नाही. आपलं आपण येऊ द्यायचं. म्हणा.’

मी म्हणलं, ‘मी कशाला म्हणू? मी ड्रायव्हर!’

‘म्हणा!’

‘ओढायचं न्हाई.’

‘पुन्हा.’

‘ओढायचं न्हाई, वो!’

निघालो. मागं गौरम्मा आडवी, तिच्या उशाला सिद्धम्मा. सिद्धम्मा म्हणजे धीर द्यायला घेतलेली, बरं का! गाडीनं गाव सोडलं तसं तिनं सुरू केलं, ‘अय्योऽ शिवा! माझ्या सुनंचं कसं हुईल रे शिवा! आमच्या मावळणीची सून अशीच गेली रे शिवा!’ मी म्हणलं, सिद्धम्मा, गेलेल्यांची यादी नंतर! तर म्हणती, ‘बरं अप्पा.’ आन् दोन मिनिटांनी, ‘आमच्या शेजारची बी गेली रे शिवाऽ!’

रस्ता कसला, खड्डे जोडून केलेला. जोरात चालवावं तर पोर किंचाळती, हळू चालवावं तर टाइम जातोय. नर्स असती तर तिनं मागनं सांगितलं असतं, जोरात का हळू. आता मला कोण सांगणार? मधीच गौरम्मानं मागनं माझी कॉलर धरली. गच्च! म्हणती, ‘मामा, मी मरते का वो?’

मला काय ठावं, मरती का जगती! मी चौथी शिकलेला माणूस. पण तोंडातनं काय निघावं? मी म्हणलं, ‘आज मंगळवार. मंगळवारी मी पेशंट पोचवत असतो. मरायचंच असलं तर तसा अर्ज दे, नव्या जिल्ह्याला दे, म्हणजे वीस वर्सं तरी निकाल लागत न्हाई!’

आन् हसली हो पोर! कळंतनं हसली. ‘आई गंऽ... हसवू नका मामा...’ मग मी काय थांबतोय? साहेबाची नक्कल केली, सहा चाकांची गोष्ट सांगितली, ‘तात्पुरतं आहे’ म्हणून दाखवलं. एका हातानं स्टेअरिंग, एका हातात तिची बोटं. नर्सच्या जागंला बसवंत. तात्पुरता!

आन् मग आली तळेवाडी. नाव तळेवाडी! तळ्यात पोरं गोट्या खेळत्यात, इतकं कोरडं. गावाच्या तोंडाला म्हशी रस्त्यात आडव्या. मी दिला भोंगा. पाँऽऽ पाँऽऽ!

बस्स. संपलं. पुन्हा म्हशी दिसल्याच न्हाईत, दिसल्या घागरी! डाव्या गल्लीतनं घागरी, उजव्या गल्लीतनं घागरी, हंडे, डबे, एक म्हातारी तर बारशाचा पाळणा सोडून पातेलं घेऊन आली. ‘टँकर आला गंऽ! बसवंत आलाऽ!’ आन् रस्त्यावर, माझ्या जीपच्या पुढ्यात, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत रांग! मी उतरलो. वरडलो, ‘पाणी न्हाई, पेशंट हाय!’

एक बाई म्हणली, ‘काल का आला न्हाईस?’

‘काल आलतो की! सकाळी!’

‘मला मिळालं न्हाई. पाइप काढ.’

‘बाई, हा टँकर हाय का? पांढरा हाय, तांबडी फुली हाय, दिसत न्हाई का?’

‘रंग दिला असंल,’ दुसरी म्हणली. आन् एकीनं तर जाऊन मागच्या दाराखाली हंडा लावला वो! नळ शोधून राहिली!

बरं, त्यांना पटलं, टँकर न्हाई. मग म्हणलं उचला घागरी, मला जाऊ द्या. तर उचलंना कुणी! का? नंबर! दुष्काळात नंबर म्हणजे काय चीज हाय, तुम्हाला ठाऊक न्हाई. माणूस घरी जातंय, जेवतंय, निजतंय, घागर रांगंत उभी राहाती. तिनं उचलली की हिचा नंबर पुढं. ‘आधी तिला उचलाय लाव.’ ‘मी का? माझा सातवा हाय.’ ‘तुझा सातवा? माझा सातवा!’ आवो टँकर न्हाई, थेंब न्हाई, रांग कशाची? मी हात जोडले, आयबहिणीहो, उद्या बुधवार हाय, उद्या पहिला टँकर तळेवाडीला, बसवण्णाच्यान्! तर कुणी हालंना.

तेवढ्यात गाडीतनं गौरम्मा वरडली.

आता, वरडण्या-वरडण्यात फरक असतोय. हे वरडणं बायकांना कळलं. मला न्हाई कळलं, त्यांना कळलं. आन् रांगंतली पहिली घागर होती नागूबाईची. नागूबाई बुद्धवाड्यातली, साठीची, आख्ख्या तळेवाडीची बाळंतपणं तिच्या हातची. बुधवारच्या टँकरसाठी आज पहाटं चारपासनं तिनं नंबर धरलेला, पहिला! तिनं काय केलं? वाकून सोताची घागर उचलली आन् बांधावर ठेवली. बस्स. तसं सातवीनं उचलली, दुसऱ्या सातवीनं उचलली, रस्ता मोकळा!

मी पळत जाऊन गाडीत बसलो, किल्ली फिरवतोय, तर नागूबाई तवर मागं चढलेली, तिचा आवाज, ‘बंद कर. पाय आले.’

‘बाई, लातूर...’

‘लातूर ऱ्हाऊ दे लातूरला. पाय आले म्हणते ना!’

मी पुडी दिली. आन् वरडलो, ‘ओढायचं न्हाई! नर्सबाईनं सांगितलंय, ओढायचं न्हाई!’

‘आरं, मला शिकवतोस व्हय?’ नागूबाई म्हणली. ‘माझ्या आयुष्यात मी कुणाला ओढून आणलं न्हाई. तू तिकडं तोंड कर आन् पोरीचा हात धर.’ सिद्धम्मा काय करत होती? सिद्धम्मा चक्कर येऊन गार पडलेली! तिला वारा घालायला दोन बायका येगळ्या!

बायकांनी गाडीभोवती लुगडी धरली, भर उन्हात. नागूबाई आतनं म्हणली, ‘पाणी लागंल. उकळून.’

पाणी! तळेवाडीत पाणी मागणं म्हणजे... आवो त्या घरांत प्यायला तांब्याभर ठेवलेलं असतंय, लेकरांसाठी, रातच्यासाठी, झाकून, वर पाटा ठेवून. मी मान खाली घातली. मी पाण्याचा ड्रायव्हर, आन् माझ्या गाडीत थेंब न्हाई. मग एक बाई गेली. ती सातवी. घरातनं फुलपात्र घेऊन आली आन् पातेल्यात वतलं. मग दुसरी. मग सगळ्या. कुणी अर्धा तांब्या, कुणी वाटी, पाळणावाल्या म्हातारीनं वंजळीत आणलं, वाटंत निम्मं सांडलं आन् शिव्या दिल्या, कुणाला ते कळलं न्हाई. पातेलं भरलं हो! तीन दगडांवर चढवलं. मी कैक गावांना पाणी पाजलंय, पण पाणी काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. खोटं कशाला बोलू, रडलो मी. तोंड तिकडं होतं ते बरं झालं.

मग काय किती येळ गेला... माझ्या बोटांचा चुरा झाला. गौरम्मा म्हणती ‘मामाऽ’, मी म्हणतो ‘हाय मी’, नागूबाई म्हणती ‘आता कळ आली की जोर लाव माय, आता थांब, आता थांब’, आन् लुगड्याच्या पल्याड कुणी तरी म्हणलं, ‘ओढा की गं जरा!’ तर मी इतक्या जोरात वरडलो, ‘ओढायचं न्हाईऽऽ!’ की म्हशी बुजल्या. नागूबाई नुसते हात खाली धरून बसलेली, झेलायला. पाय, कंबर, पाठ... मग डोकं राहिलं. थोडंसंच, पण राहिलं. मी महादेवाला म्हणलं, देवा, तुझ्याकडं बी जागा मोकळ्या असत्याल, आम्हाला ठावं हाय, पण एवढी एक भर. मग नागूबाईचं हुंऽ... आन् मग काहीच न्हाई. रडणं न्हाई. काहीच न्हाई.

किती येळ? मोजून पाच श्वास असतील. मला आख्खी नोकरी वाटली. मग चापट वाजली, आन् मग... टँऽऽ! आवो काय आवाज! माझा भोंगा झक मारतोय!

पोरगी! पायाळू पोरगी! आन् तळेवाडीला काय आनंद म्हणता! सगळ्यांना ठाऊक की पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतंय. एक म्हातारा लुगड्याबाहेरनंच इचारतो, ‘बाई, पोरगीला घेऊन जरा आमच्या वावरातनं जाता का? हीर पाडायची हाय!’ आवो तिनं डोळं उघडलं न्हाईत अजून! दुसऱ्याच्या कमरंत उसण भरलेली, तो रस्त्यावर पालथाच पडला, ‘एकदा पाय लावा पोरीचा, मग जावा!’ पायाळूच्या पायानं उसण जाती ना! पुन्हा रांग! घागरीच्या जागी माणसं पालथी! आन् सातवा नंबर पुन्हा दोघांचा!

मग मी भोंगा दिला, म्हणलं उठा, न्हाईतर वरनं घालतो. नागूबाई संगं बसली, लातूरपर्यंत. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं दोघींना तपासलं, कुणी ओढलं न्हाई हे मी सांगितलं, तर म्हणली, ‘छान. कुणी केलं हे? असा हात न लावता संयम ठेवणं आमच्या शिकाऊ पोरांना जमत नाही.’ मी नागूबाईकडं बोट केलं. नागूबाई पदर तोंडाला लावून म्हणती, ‘मला जायचंय बाई, माझी घागर बांधावर हाय.’ दुसऱ्या दिवशी बुधवार. पहिला टँकर तळेवाडीला, आन् पहिली घागर नागूबाईची. कुणी भांडलं न्हाई. सातव्या दोघी सोडून.

आता इथं गोष्ट संपायला पायजे ना? न्हाई! कागद राहिला! सरकारी गाडीत जन्म झाला म्हणजे अहवाल. आमच्या कचेरीतले साहेबराव क्लार्क, चार टेबलं एकटेच सांभाळत्यात, तीन तात्पुरती. फॉर्मात रकाना, ‘प्रसूती कोणी केली’. मी म्हणलं, लिहा, नागूबाई, तळेवाडी. आन् खाली लिहा की दवाखान्यात दाईची जागा मोकळी हाय, ह्या बाईला घ्या. साहेबरावांनी पेन खाली ठेवला. ‘बसवंत, नागूबाई कर्मचारी आहे का? नाही. मग शासकीय वाहनात परकी बाई काय करत होती? चौकशी लागेल. तिलाही बोलावतील, तुलाही.’ मी म्हणलं, मग? म्हणले, ‘वाहनात कर्मचारी कोण होता?’ म्हणलं, मी. त्यांनी लिहिलं. म्हणले, ‘नुसतं कागदापुरतं. कोण वाचतंय?’ मी सही केली.

वाचलं की वो! दीड महिन्यानं हुकूम आला. दोन्ही जिल्ह्यांचे शिक्के! माझ्या आख्ख्या नोकरीत दोन्ही जिल्ह्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. मला पाठ हाय: ‘तळेवाडीनजीक शासकीय वाहनात आपण यशस्वीरीत्या पार पाडलेली पायाळू प्रसूती विचारात घेता, या केंद्रातील रिक्त दाई पदाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेशापर्यंत आपणाकडे सोपविण्यात येत आहे.’ दाई! मी! ह्या मिशा घेऊन! कमलम्मा नर्सबाईनं हुकूम वाचला आन् इतकी हसली, इतकी हसली, की सलाईनच्या बाटलीला धरून खाली बसली. साहेब फटफटीवरनं नुसते म्हणले, ‘बसवंत, तात्पुरतं...’ मी म्हणलं, साहेब, पुढं बोलू नका.

तो कागद घेऊन मी तळेवाडीला गेलो. म्हणलं, नागूबाई, माफ कर, तुझी जागा मला दिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला, वाचता येत न्हाई तिला, मला परत दिला, आन् माझे हात हातात घेऊन बघत बसली. मग म्हणली, ‘बसवंता, सरकारनं सांगितलंय म्हणजे आज ना उद्या कुणी तरी अडलेली तुझ्या दारात येणारच. तिला काय कागद दाखवणारैस? दर रविवारी येत जा. शिकवते.’

काय करता? जातोय. आज रविवारच हाय, तिकडंच निघालोय. ग्रीस निघंना म्हणून तिनं पहिल्याच दिवशी माझे हात राखेनं घासून घेतले आन् सोताच्या हातानं माझी नखं कापली, एकेक करून, पार मुळापासनं. ही बघा... बघा की! आता सांगा, ह्या बिननखाच्या बोटांनी मी टँकरच्या नळाचा गंजलेला कॉक कसा उघडायचा?